तोरा शिवावा लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुण्यातल्या कॅबरेच्या, म्हणजे कॅफेतल्या टेबलांमध्ये सोंग घेऊन गाण्याच्या, कार्यक्रमांवर लेख आला होता, आणि मागच्या आठवड्यात त्यावर दोन पत्रं. लेखकाचं म्हणणं असं, की या कलाकारांचा जो 'दिवा' (इंग्रजीतला diva, म्हणजे नखरेल, नामांकित गायिका) म्हणून तोरा असतो तो डोक्यात जातो. उशिरा येतात, वादकावर खेकसतात, पुढच्या टेबलावरच्या माणसाच्या हातात स्वतःची चप्पल देतात. पहिल्या पत्रलेखकांनी याला परदेशी थेर म्हटलं. दुसऱ्यांनी बालगंधर्वांचं नाव काढलं आणि 'कुठे ते आणि कुठे हे' असा सुस्कारा सोडला. दोघांनी एकही कार्यक्रम पाहिलेला नाही, असं दोघांनीच लिहिलं आहे. मी पाहिलेत, आणि तेही विंगेतून (कॅफेत विंग नसते, स्वयंपाकघराचं दार असतं), म्हणून चार शब्द लिहिते. चारपेक्षा जास्तच होतील. कापायचं तर शेवटून कापा, मधूनच कापू नका.

नारायण पेठेत आमचं ड्रेपरीचं, म्हणजे सोंगांचे कपडे भाड्यानं देण्याचं, दुकान आहे, सासऱ्यांनी टाकलेलं. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगं सुरू झाली की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मावळे, वासुदेव, कोळणी, पऱ्या, आणि हल्ली रोबो. बाकीचं वर्ष नाटकवाले, नाचाचे क्लास आणि एकांकिका करणारी कॉलेजची पोरं, जी भाडं बुडवण्यात पटाईत असतात. गेल्या काही वर्षांत त्यात कॅबरे करणारे दोन-चार जण आले. कोणी बाई आहे, कोणी पुरुष असून मंचावर बाई होतो. त्यांच्यातल्या एकाविषयी मला जास्त माहिती आहे, कारण त्याचे कपडे मी भाड्यानं देत नाही, शिवून देते.

हा मुलगा दिवसा खराडीच्या एका कंपनीत हिशेब बघतो. दुकानात शिरतो तेव्हा 'काकू, चहा सांगू का' म्हणतो. ट्रायलला पायात उंच टाचा चढवल्या की मी त्याला अहो-जाहो करायला लागते आणि बाईसाहेब म्हणते. त्यालाही ते बरं पडतं, चालण्यात फरक येतो. बाईसाहेब म्हणजे एके काळी फार गाजलेली, आता कोणी विचारत नाही अशी गायिका. त्यांचा डेक्कनवरचा फ्लॅट रिडेव्हलपमेंटला गेला आहे. बिल्डरनं गाण्यापुरती स्वतंत्र गॅलरी कबूल केली होती, ती नव्या नकाशात नाही. मधूनमधून गाणी. एक सोसायटीच्या मीटिंगवर, एक पार्किंगवर, आणि एक जुनं नाट्यपद, पियानोवर, इतकं संथ की ओळखायला वेळ लागतो. हे गाणं संपेपर्यंत बाईसाहेबांचं सगळं ढासळत गेलेलं असतं. बाही फाटते, टाच मोडते, शेवटी विग निघतो.

लेखकांना जे नखरे वाटले ते हेच. आता त्या बाहीविषयी सांगते.

उजवी बाही तिसऱ्या कडव्याला मुंढ्यापासून सुटून हातात आली पाहिजे, त्याआधी सुटता कामा नये. आणि त्याआधी बाईसाहेब दोन्ही हात वर करून पाच मिनिटं गात असतात. पहिल्यांदा टिचबटणं लावली. सुटताना टक टक आवाज आला, तो कॉलरच्या माइकनं बरोब्बर पकडला आणि लोकांना कळलं की बटणं होती. वेल्क्रो त्याहून वाईट, खर्रर करून सगळ्या कॅफेला सांगतो. हूक-आकडे लावले तर कधी सुटले, कधी दोन अडकून बाही लोंबकळत राहिली. शेवटी आमच्या मागच्या किराणावाल्याच्या दारात तांदळाचं पोतं उघडताना पाहिलं. दोऱ्याचं एक टोक धरून ओढलं की पोत्याचं तोंड सरसर उसवत जातं, कारण तो साखळीचा टाका असतो. तसाच टाका मुंढ्याला घातला, दोऱ्याचं टोक बाहीच्या आतून मनगटापर्यंत आणलं आणि त्याला एक मणी ओवला. बाईसाहेब गाताना डाव्या हातानं मनगट चाचपतात, लोकांना वाटतं ब्रेसलेट सारखं करतायत. मणी ओढला की बाही अंगावरून आपोआप गळते. दर प्रयोगाच्या आधी तो टाका पुन्हा घालावा लागतो. काखेत जादा कापडाची कळी घातली आहे म्हणून हात वर करताना ताण बसत नाही, नाहीतर पहिल्याच सुरावर सगळं खाली.

पण बाही गळली आणि आवाजच आला नाही, तर ती फाटली असं वाटेल कसं? तो आवाज पियानोवाला काढतो. तिसऱ्या कडव्याला तो धक्का बसल्यासारखा वाजवायचा थांबतो, दोन्ही हात मांडीवर आणतो आणि तिथे ठेवलेली मांजरपाटाची पट्टी माइकपाशी टर्रकन फाडतो. नजर मात्र बाईसाहेबांच्या खांद्यावर. त्याला मी दर महिन्याला मीटरभर मांजरपाट देते. मग बाईसाहेब वळून त्याच्यावर ओरडतात, 'तुझ्यामुळे झालं हे!', आणि हसण्याचा कल्लोळ होतो. हे ओरडणंही मोजून असतं. चार मात्रा ओरडायचं, पाचवीला तो सूर देतो, सहावीला गाणं. आमच्या माळ्यावर कॅसिओ ठेवून त्यांनी याच्या तालमी केल्या, मी खाली काजं-बटणं करत होते, म्हणून मला पाठ आहे. वादकावर खेकसतात म्हणून लेखकांना फार वाईट वाटलं. ज्याच्यावर खेकसतात तो घरी जाताना खेकसणाऱ्याच्याच स्कूटरवर मागे बसून जातो.

कॅबरेमधला हा जो तोरा आहे त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात 'शा न्वार' म्हणजे काळं मांजर नावाचं ठिकाण १८८१ साली निघालं, तिथून हे प्रकरण वाढलं असं मानतात. माझ्या गिऱ्हाइकानं मला ट्रायलच्या वेळी मोबाइलवर बरंच काही दाखवलं आहे, त्याला गाऊन समजावून सांगायचा असतो म्हणून. मला गाण्यापेक्षा कपडे जास्त लक्षात राहिले. ईव्हेत गिल्बेर नावाची गायिका होती. अंगानं काटकुळी, साधा झगा आणि कोपराच्या वरपर्यंत काळे हातमोजे. गाताना अंग फारसं हलायचं नाही, हात बोलायचे, आणि काळे असल्यामुळे ते शेवटच्या रांगेतून दिसायचे. तुलूझ-लोत्रेक या चित्रकारानं तिच्यावर १८९४ साली चित्रांची एक वही काढली. तिच्या मुखपृष्ठावर बाई नाहीच, नुसते तिचे काळे हातमोजे टाकलेले आहेत. ओळखू येतं. हे चित्र पाहिल्यावर मी दुकानात बराच वेळ काही बोलले नाही. ड्रेपरीवालीचा याहून मोठा मान कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

दुसरी मार्लिन डीट्रिश. सिनेमात नाव झाल्यावर १९५३ साली तिनं लास व्हेगासच्या सहारा हॉटेलात गायला सुरुवात केली. गाऊन अंगाच्या रंगाच्या झिरझिरीत कापडाचा आणि वर टिकल्यांचं काम, झाँ लुई नावाच्या माणसानं केलेला. लोकांना वाटायचं आत काहीच नाही. आत खरं तर सगळं अंग आवळून धरणारं अस्तर होतं, आणि खरी शिलाई त्या अस्तरात होती. त्या वेळी बाईंची पन्नाशी उलटली होती. पुढे वीस-बावीस वर्षं त्या अशाच उभ्या राहिल्या. १९७५ साली सिडनीत कार्यक्रमाच्या वेळी पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आणि मंच सुटला. बाहीवर काम करणाऱ्या बाईला अस्तराची किंमत कळते, म्हणून सांगितलं.

डीट्रिश यांनी शिलाई लपवली. आजचे कॅबरेवाले ती मुद्दाम उसवून दाखवतात, हा मला दिसलेला मोठा फरक आहे. ऑस्ट्रेलियाच्या मेलिसा मॅडन ग्रे, मंचावरचं नाव म्याव म्याव. त्यांचं म्हणजे सगळं बिनसलेलं. प्रेक्षकांतल्या पुरुषांना वर ओढून आणायचं, त्यांच्या हातात सामान द्यायचं, त्यांनाच आधाराला उभं करायचं, कधी लोकांच्या डोक्यांवरून स्वतःला हातोहात न्यायला लावायचं. बाई जगज्जेती आहे आणि तिच्याकडे धड नोकरमाणूस नाही, अशी सगळी गंमत. आणि हा गोंधळ घालता घालता अवघड गाणं बिनचूक गातात. न्यूयॉर्कचे जस्टिन व्हिव्हियन बाँड आणि केनी मेलमन यांची 'किकी अँड हर्ब' ही जोडी तर आमच्या बाईसाहेबांची आजीच म्हणायची. किकी ही म्हातारी, दारूत बुडालेली, विस्मरणात गेलेली हॉटेलातली गायिका. बाँड यांनी ती स्वतः तिशीत असताना उभी केली. चेहऱ्यावर सुरकुत्या रंगवून. २००४ साली ही जोडी कार्नेगी हॉलमध्ये गायली, पुढे ब्रॉडवेवर गेली, आणि २०२४ साली बाँड यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, जी तिकडे मोठमोठ्या शास्त्रज्ञांना मिळते. म्हाताऱ्या गायिकेचे नखरे करून. थेर असते तर एवढ्या वर्षांत कोणाच्या तरी लक्षात आलं असतं.

परदेशी म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. उषा उथुप यांनी १९६९ साली मद्रासच्या नाइटक्लबमध्ये गायला सुरुवात केली ती कांजीवरम नेसून. आज ती साडी, ती टिकली आणि त्या हातभर बांगड्या यांशिवाय उषाताई डोळ्यांपुढे येतात का? तोही दिवाचा तोराच आहे, फक्त तो आपल्याला घरचा वाटतो, कारण साडी आहे. उद्या माझ्या गिऱ्हाइकानं नऊवारी नेसली तर दोन्ही पत्रलेखक बदलतील असं मला वाटायला लागलं आहे.

आता बालगंधर्व. त्यांच्याविषयी मी जपून लिहिते, कारण आमच्या घरात त्यांचा फोटो देवघराच्या शेजारी आहे. सासरे त्यांच्याविषयी बोलताना उभे राहायचे. १९११ साली 'मानापमान'मधली भामिनी, १९१९ साली 'एकच प्याला'मधली सिंधू. त्यांची साडी नेसण्याची, दागिने घालण्याची तऱ्हा बघून घराघरांतल्या बायका तसं करायला लागल्या. म्हणजे पुरुषानं बाईला बाईपण शिकवलं, आणि त्या काळी कोणाची तक्रार नव्हती. पण दुसऱ्या पत्रलेखकांनी तुलना केली ती चुकीच्या ठिकाणी केली. नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, सगळी शर्थ अशी, की खाली पुरुष आहे हे कोणाला आठवू नये. सिंधू दळायला बसली की सिंधूच दिसायला हवी. नंतर वय झालं, अंग सुटलं, तरी लोक डोळे मिटून सिंधूच बघत राहिले. कॅबरेतल्या बाईसाहेबांना हे चालणारच नाही. त्यांना सतत तुम्हाला आठवण द्यायची असते की ही बाई बनवलेली आहे, बघा कशी बनवली आहे, आणि तरीही तुमचे डोळे भरून आले की नाही? दोन्ही कामं अवघड. एकाचं माप दुसऱ्याला लावलं तर कपडा अंगाला बसणार नाही.

तुलना करायचीच असेल तर तमाशाशी करा, ती मी मान्य करीन. गौळणीतली मावशी आठवा. पुरुषच, लुगडं नेसलेला, मिशीची निळी रेघ दिसत असते, आणि तो ती लपवतही नाही. कृष्णाला टोमणे, पेंद्याला टोमणे, पुढच्या रांगेतल्या पाटलाला टोमणे. पाटील हसतोही. मावशी काल गावात काय झालं ते बोलते, ग्रामपंचायतीवर बोलते. माझं गिऱ्हाईक रिडेव्हलपमेंटवर बोलतं, एवढाच फरक. सरकारलाही हे नातं जुनंच ठाऊक असावं. मुंबईच्या १९६० सालच्या करमणुकीच्या परवाना नियमांत कॅबरे, मेळे आणि तमाशा ही तिन्ही नावं एकाच शीर्षकात बसवलेली आहेत.

आणि संगीत बारीतली लावणी. गणेश पेठेतल्या आर्यभूषण थिएटरच्या काही बायकांचे ब्लाउज माझ्या सासूबाई शिवायच्या, मी बटणं लावायला सोबत जायचे. बैठकीची लावणी करणारी बाई बसल्या जागी एका ओळीचे दहा अर्थ करून दाखवते, नुसत्या भुवईनं आणि मनगटानं. समोरच्या बड्या धेंडाला ती अशी काही नजर देते की तोच गडी खाली बघतो. पैसे त्याच्या खिशात, हुकूम हिचा. पेटीवाला चुकला तर गाण्याच्या मध्येच त्याला नजरेनं फटकारते. बैठक संपली की उलटं. मग तीच बाई पदर सावरून 'दादा, रिक्षा बघता का' म्हणणारी. त्या बायकांचा तोरा हा असा घटकाभराचा, आणि त्यांच्या आयुष्यात हुकमाची तेवढीच जागा.

इथे मला माझ्या गिऱ्हाइकाशीही भांडावं लागतं, आणि मी भांडते. खराडीचा मुलगा विग काढून ऑफिसला जाऊ शकतो. चौफुल्याला लावणी करणाऱ्या बाईला विग नाही. तिला मंचावरून उतरल्यावरही लोक तेच समजतात जे मंचावर समजत होते, पोरांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत ते चिकटतं. २००५ साली डान्सबारवर बंदी आली, २०१३ साली सुप्रीम कोर्टानं ती रद्द ठरवली, पुन्हा नवा कायदा आला, २०१९ साली कोर्टानं त्याच्याही अटी सैल केल्या. या चौदा वर्षांच्या गदारोळात सभ्यतेवर बोलायला सगळे पुढे होते. नाचणारीला तिच्या कामाविषयी विचारणारे मात्र थोडेच. म्हणून दिवा होणं ही मजा कोणाला परवडते हा प्रश्न मला पडतो. हे त्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला, आणि पुढच्या प्रयोगात बाईसाहेबांच्या तोंडी दोन वाक्यं आली. ती इथे लिहीत नाही, जाऊन ऐका.

सगळेच चांगलं करतात असंही नाही. माझ्याकडे काही जण येतात, त्यांना तोरा तयार हवा असतो. अमेरिकेच्या टीव्हीवरच्या स्पर्धा बघितलेल्या असतात. पंखा हवा, खोट्या पापण्या हव्यात, बोटं मोडत इंग्रजीत चार ठरलेले शब्द फेकायचे असतात, खाली रेकॉर्ड लावून ओठ हलवायचे असतात. ओठ हलवण्यातही कसब असतं, नाही असं नाही, पण या पोरांची तेवढीही तालीम नसते. 'तुमची बाई कोण आहे, कुठे राहते, तिला कोणाचा राग येतो,' असं मी माप घेताना विचारते, कारण त्यावर गळ्याची खोली ठरते. तर म्हणतात, 'काकू, फक्त चमकी जास्त लावा.' चमकी रविवार पेठेत किलोवर मिळते. तोरा दाखवायला आधी काहीतरी हरवलेलं असावं लागतं, निदान गॅलरी तरी. लेखकांनी यांच्यावर टीका केली असती तर मी पोस्टकार्डावर शाबासकी कळवली असती.

पण त्यांनी नेमकं मेहनत करणाऱ्याला धरलं, आणि ज्या संध्याकाळी धरलं त्या संध्याकाळी मी तिथे होते. त्या दिवशी कपडे बदलायला जी जागा दिली ती कोठीची खोली होती. एका बाजूला कांद्याची पोती, दुसऱ्या बाजूला तेलाचे डबे, दाराला कडी नाही. आरसा नव्हता, मी घरून नेला. पांढऱ्या सॅटिनचा घेर जमिनीवर टेकू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरून उभी, पियानोवाला पाठीनं दार लावून उभा, आणि वेटर भाज्या न्यायला आत-बाहेर. साखळीचा टाका मी मोबाइलच्या उजेडात घातला. त्यामुळे उशीर झाला. लेखकांनी 'अर्धा तास उशिरा, दिवाला शोभेलशा थाटात' असं लिहिलं आहे. खऱ्या उशिराला त्यांनी नाटक समजलं आणि नाटकातल्या रागाला खरं समजलं. यावर मी काय बोलणार!

नाटक संपल्यावरचं ऐका. प्रयोगात बाईसाहेब एकदा ग्लास भिरकावतात. शॅम्पेन मागितलेली असते, ताक येतं, म्हणून. तो ग्लास आम्ही तुळशीबागेतून आणलेला आहे, प्लास्टिकचा, लांबून काचेचा दिसतो, आणि तो पियानोच्या मागे टाकलेल्या उशीवर पडतो. फुटल्याचा आवाज पुन्हा पियानोवालाच काढतो, वरच्या पट्टीतले सूर एकदम दाबून. रात्री हिशेबाच्या वेळी व्यवस्थापकांनी ठरलेल्या पैशांतून ग्लासाचे पैसे कापले. वर म्हणाले, 'असले नखरे आमच्याकडे चालत नाहीत.' मुलगा तोवर विग काढून, शर्ट-पँट घालून उभा होता. हिशेबनीस माणूस, पण एक शब्द बोलला नाही. 'जाऊ दे काकू, पुन्हा बोलावणार नाहीत.' त्याच तोंडानं तासाभरापूर्वी सगळ्या कॅफेला उठून उभं राहायला लावलं होतं. तोरा अंगात असता तर तो नेमका तेव्हा उपयोगी पडला असता.

पुण्यात नाट्यगृहांची वाण नाही. १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर झालं तेव्हापासून मेकअपरूम म्हणजे काय हे या गावाला ठाऊक आहे, तिथल्या गळक्या नळांसकट. कॅबरे मात्र जेवणाच्या टेबलांमध्येच रंगतो, बघणारा आणि गाणारी यांच्यात हातभर अंतर असावं लागतं, नाहीतर चप्पल कोणाच्या हातात देणार? म्हणून तो कॅफेत होतो आणि व्हायला हवा. तेव्हा मागणं एवढंच, की कॅफेवाल्यांनी एक खोली द्यावी. कडी असलेली. आरसा, एक दिवा, आणि कपडे टांगायला खुंटी. पैसे त्याच रात्री.

आपल्याकडेही एक मागणं आहे. त्या लेखाबरोबर फोटो छापला होता, त्याखाली 'कोरेगाव पार्कात रंगली पार्टी' अशी ओळ होती. गाणाऱ्याचं नाव नाही, वाजवणाऱ्याचं नाही. मेनूतल्या केकविषयी मात्र दोन ओळी होत्या. शास्त्रीय गाण्याच्या मैफिलीला तुम्ही तबल्यावर कोण, तंबोऱ्यावर कोण हे छापता. तसं इथेही छापावं आणि परीक्षण लिहायला असा माणूस पाठवावा ज्याला गाण्यातलं कळतं. त्याला पियानोच्या डाव्या अंगाला बसवा, बाही तिथून नीट दिसते. मणी दिसला तर मला फोन करून सांगावं, मी तो बदलीन.

आणि ज्या व्यवस्थापकांनी पैसे कापले त्यांनी हे वाचलं, तर त्यांच्यासाठी. तो ग्लास शाबूत आहे, आमच्या दुकानात काउंटरवर ठेवला आहे, हवा तर आपटून बघावा. येताना कापलेले पैसे आणावेत. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं.

आपली,
एक ड्रेपरीवाली, नारायण पेठ, पुणे
(नाव छापू नये. गॅदरिंगचा सीझन तोंडावर आहे आणि शाळांचे मुख्याध्यापक आपलाच पेपर वाचतात.)